पोटावरचा काळा पट्टा

न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला कॅट्सकिलचे डोंगर आहेत. त्या डोंगरांतून बीव्हरकिल, विलोवेमॉक, एसोपस अशा थंड पाण्याच्या, खडकाळ तळाच्या नद्या उतरतात. गळ टाकून ट्राउट मासा धरण्याचा ज्यांना नाद आहे, त्यांची ही अमेरिकेतली पंढरीच. इथे गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावत नाहीत. कोंबडीची पिसं, जनावरांचे केस आणि रेशमी दोरा गळावर गुंडाळून एक खोटी माशी तयार करतात आणि ती पाण्यावर अलगद सोडतात. ट्राउट त्या दिवशी ज्या किड्यावर ताव मारत असतो, त्याच्याशी ही खोटी माशी जुळली तर मासा फसतो, नाही जुळली तर ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे या नद्यांवरचे गळकरी पिढ्यान्‌पिढ्या किड्यांकडे फार बारकाईने पाहत आले. कुठला किडा कुठल्या आठवड्यात पाण्यातून वर येतो, त्याचे पंख राखी की पिवळट, पोट तपकिरी की लोण्याच्या रंगाचं, याच्या त्यांनी वह्या भरल्या.

या नद्यांवर मे महिन्याच्या उत्तरार्धात एक मोठी, गडद तपकिरी मेफ्लाय, म्हणजे पाण्यात वाढून हवेत येणारी माशी, निघते. तिला ते ‘मार्च ब्राउन’ म्हणतात. थोड्या दिवसांनी तशीच, पण जरा लहान आणि फिकट मेफ्लाय दिसू लागते. तिचं नाव ‘ग्रे फॉक्स’. प्रेस्टन जेनिंग्ज यांचं ट्राउटच्या माश्यांवरचं पुस्तक १९३५ मध्ये आलं, आर्ट फ्लिक यांचं छोटं मार्गदर्शक १९४७ मध्ये. या परंपरेतल्या पुस्तकांत दोन्ही किड्यांची शास्त्रीय नावं वेगवेगळी छापलेली असत : एक स्टेनोनेमा व्हायकेरियम, दुसरी स्टेनोनेमा फस्कम. दोघींच्या खोट्या माश्याही वेगळ्या आणि डबीतले कप्पेही वेगळे. नदीवर उभ्या असलेल्या माणसाला यात शंका घ्यावी असं काहीच नव्हतं, कारण त्याच्या डोळ्यांना फरक स्पष्ट दिसत होता.

मग १९७९ मध्ये बेडनारिक आणि मॅकॅफर्टी या दोन कीटकशास्त्रज्ञांनी स्टेनोनेमाचा संपूर्ण फेरविचार प्रसिद्ध केला. ठिकठिकाणचे नमुने शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांना दिसलं, की व्हायकेरियम आणि फस्कम यांच्यामध्ये रेघ मारायला जागाच नाही. गडद आणि फिकट यांच्या मधल्या सगळ्या छटा सापडतात. दोन्ही नावांचा किडा एकच निघाला. व्हायकेरियम हे आधीचं नाव, वॉकर यांनी १८५३ मध्ये दिलेलं, म्हणून तेच कायम राहिलं. पुढे त्या गटालाच मॅकॅफर्टी यांच्या नावावरून मॅकॅफर्टियम असं प्रजातीनाम मिळालं.

गळकऱ्यांची नजर अधू होती म्हणून हे झालं नाही. त्यांनी टिपलेला फरक खरा होता, त्याचं कारण मात्र वेगळं होतं. मेफ्लायच्या कित्येक जातींत हंगामाच्या सुरुवातीला बाहेर पडणारे कीटक मोठे आणि गडद असतात आणि पाणी तापत जाईल तसे पुढचे लहान, फिकट होत जातात. थंड पाण्यात वाढ सावकाश होते, शरीर मोठं होतं. ऊबदार पाण्यात लवकर पक्वता येते, त्यामुळे आकार मार खातो. मार्च ब्राउन आणि ग्रे फॉक्स या एकाच जातीच्या हंगामाच्या दोन बाजू होत्या. रंग आणि आकार ही माणसाच्या नजरेत सर्वांत आधी भरणारी लक्षणं, आणि जवळच्या जाती ओळखताना सर्वांत आधी दगा देणारीही तीच.

मेफ्लाय म्हटलं की एका दिवसाचं आयुष्य आठवतं. ते खरं आहे, पण अर्धंच. पंख फुटलेल्या मेफ्लायला काम देणारं तोंड नसतं. ती खात नाही, जोडीदार शोधते, अंडी घालते आणि मरते. डोलानिया अमेरिकाना या जातीच्या मादीला तर पंख फुटल्यावर पाच मिनिटंही मिळत नाहीत. पण त्याआधी हाच जीव महिनोन्‌महिने, काही जातींत दोन-तीन वर्षं, पाण्याखाली निंफ म्हणून जगलेला असतो. यान स्वामरडाम या डच शास्त्रज्ञाने १६७५ मध्ये मेफ्लायवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात नदीकाठच्या चिकणमातीत बिळं करून राहणाऱ्या निंफांची चिरफाड करून काढलेली चित्रं आहेत. पॅलिंजेनिया लाँगिकॉडा ही ती जात आज नेदरलँड्समधून नाहीशी झाली आहे. हंगेरीतल्या टिसा नदीवर मात्र जूनमध्ये तिचे थवे अजून निघतात आणि ते पाहायला गावंच्या गावं काठावर जमतात. तीन वर्षं चिखलात, काही तास हवेत, असा तिचा हिशेब आहे.

म्हणून नदीची विचारपूस करायची तर निंफालाच गाठावं लागतं. हवेत उडणारी माशी नेमक्या संध्याकाळी, नेमक्या वळणावर हजर राहिलं तरच भेटते. निंफ दगडाखाली वर्षभर सापडतो आणि त्या वर्षात पाण्याने जे सोसलं ते सगळं त्यानेही सोसलेलं असतं. जगभरात नदीच्या आरोग्याची तपासणी करणारे लोक मेफ्लायचे निंफ मोजतात ते याचसाठी. अडचण एवढीच, की जातींची नावं देताना शास्त्रज्ञांनी बहुतेक वेळा पूर्ण वाढलेल्या नराच्या जननेंद्रियांचा आधार घेतला आणि निंफाला ती नसतातच. ज्या अवस्थेत जीव सर्वाधिक काळ जगतो, तीच ओळखायला सर्वांत अवघड.

आता तो निंफ जवळून पाहू. प्रवाहातला हाताएवढा धोंडा उचलून उलटा केला, की ओल्या पृष्ठभागावर काही चपटे जीव आडवे-तिडवे सरकताना दिसतात. त्यांना मऊ ब्रशने पांढऱ्या पसरट ताटलीतल्या पाण्यात सोडायचं. डोकं रुंद आणि चपटं, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, पाय दोन्ही अंगांना फाकलेले, मागे तीन लांब शेपट्या. प्रत्येक पायाला एकच नखी असेल आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले हलत असतील, तर ती मेफ्लाय. दोन नख्या आणि दोनच शेपट्या असतील, कडेला हलते कल्ले नसतील, तर तो स्टोनफ्लायचा निंफ. इतकं नुसत्या डोळ्यांनी कळतं.

चपट्या अंगाच्या या कुलात पुढची पायरीसुद्धा साध्या भिंगाने चढता येते. शेपट्या दोनच असतील, तर तो एपिओरस. पहिल्या जोडीचे कल्ले खूप मोठे होऊन पोटाखाली एकमेकांना भिडलेले असतील आणि सगळ्या कल्ल्यांची मिळून खडकाला चिकटणारी एक चकती झाली असेल, तर ऱ्हिथ्रोजेना. कल्ल्यांची टोकं अणकुचीदार असतील तर स्टेनाक्रॉन. आडवी छाटल्यासारखी बोथट असतील आणि सातवी जोडी नुसत्या धाग्यासारखी असेल तर मॅकॅफर्टियम. इथवर येण्यात आनंद आहे, कारण शरीराचा प्रत्येक भाग काहीतरी ठाम सांगतो.

मॅकॅफर्टियमच्या आत शिरलं, की वेग एकदम मंदावतो. पाठीवरून या निंफांच्या निरनिराळ्या जाती फारशा वेगळ्या दिसत नाहीत. सगळ्याच तपकिरी, सगळ्यांवरच फिकट ठिपके आणि पट्टे. उत्तर पोटाखाली असतं. निंफ अल्कोहोलमध्ये ठेवून चिमट्याने उताणा करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोटाचं एकेक वलय पाहत जायचं. व्हायकेरियममध्ये वलयाच्या मागच्या कडेला एक काळा आडवा पट्टा असतो, वलयामागून वलय, ओळीने. इतर जातींत खुणांची मांडणी वेगळी असते, काहींत पोट जवळजवळ कोरं असतं. एवढ्यावर खात्री होत नसेल, तर जबड्याचा भाग सुटा करून त्याच्या माथ्यावरचे काटे आणि केस तपासावे लागतात. कागदाच्या जाडीएवढा तो अवयव काचपट्टीवर न फाटता ठेवणं हे हाताचं कसब आहे आणि ते पुस्तक वाचून येत नाही.

त्यातही अट अशी, की निंफ पूर्ण वाढीच्या जवळ आलेला हवा. मेफ्लायचा निंफ आयुष्यात दहापासून पन्नासपर्यंत वेळा कात टाकतो. दर कातीगणिक त्याचं रूप थोडं बदलतं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला बहुधा कल्लेच नसतात. काटे, केस, पट्टे हे सगळं हळूहळू उमटत जातं. आज ज्याचं पोट कोरं दिसतं, त्याच्या पोटावर चार काती टाकल्यावर पट्टा उमटू शकतो. कात टाकल्यानंतर लगेच पाहिलं तर अंग फिकट असतं, कात टाकण्याच्या आधी पाहिलं तर गडद. जाती ओळखण्याच्या ग्रंथांत ‘पक्व निंफ’ असं वारंवार बजावलेलं असतं ते उगाच नाही. वक्षावरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडल्या म्हणजे आतले पंख तयार झाले, आता तास-दोन तासांत किंवा फार तर एखाद्या दिवसात तो वर येणार. असा निंफ हाती लागला तर अभ्यासकाच्या दृष्टीने ते मोठंच घबाड.

सगळीकडेच इतकी झटापट करावी लागते असं नाही. ब्रिटनमध्ये एफेमेरा या प्रजातीच्या तीन जाती आहेत : डॅनिका, व्हल्गाटा आणि लिनेआटा. त्यांचे निंफ वाळूत किंवा गाळात बिळं करतात, डोक्यापुढे त्यांना खोदायचे सुळे असतात. आणि या तिघींची ओळख पाठीवर लिहिलेलीच असते. व्हल्गाटाच्या पोटाच्या वलयांवर ठळक त्रिकोणी डाग असतात. डॅनिकात ते मुख्यतः मागच्या वलयांवर स्पष्ट होतात, पुढच्या वलयांवर कमी. लिनेआटाच्या पाठीवर डागांऐवजी बारीक समांतर रेषा. पंख फुटल्यावरही हीच नक्षी राहते, त्यामुळे निंफ आणि माशी यांची सांगड घालायला त्रास पडत नाही. नवशिक्याने सुरुवात करावी ती अशा गटापासून. ब्रिटिश निंफांची ओळखपुस्तिका टी. टी. मॅकन यांनी १९६१ मध्ये लिहिली, पुढे एलियट आणि हम्पेश यांच्याबरोबर तिची नवी रूपं निघाली. एक लक्षण घ्या, हो किंवा नाही म्हणा, पुढच्या ओळीवर जा, अशी तिची रीत. मेफ्लायच्या पन्नासेक जाती असलेल्या देशात ही रीत पुष्कळ लांबवर नेते.

पुन्हा कॅट्सकिलच्या नद्यांकडे येऊ, कारण तिथे मार्च ब्राउनसारखाच आणखी एक निकाल लागला आहे. एप्रिलच्या अखेरीस तिथे ‘हेंड्रिक्सन’ निघते. रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ च्या सुमारास बीव्हरकिलवर बांधलेल्या खोट्या माशीवरून हे नाव रूढ झालं. किड्याचं शास्त्रीय नाव एफेमेरेला सबव्हेरिया. तिच्यामागून फिकट पिवळ्या-केशरी माश्यांची रांग लागते, त्यांना गळकरी सरसकट ‘सल्फर’ म्हणतात. त्यांत तीन नावं मोजली जात : मोठी ती रोटुंडा, मधली ती इन्व्हेरिया, आणि शेवटी येणारी सर्वांत लहान ती डोरोथिया. इन्व्हेरिया हे नाव पुन्हा वॉकर यांचं, १८५३ चं. रोटुंडा हे ॲना मॉर्गन यांचं, १९११ चं. कॉर्नेल विद्यापीठाच्या कुशीतून वाहणाऱ्या फॉल क्रीक या ओढ्याच्या मेफ्लायवर त्यांनी जे काम केलं, त्यात हे नाव पहिल्यांदा आलं. पुढे माउंट होल्योक कॉलेजात शिकवताना मॉर्गन यांनी तळी आणि ओढे यांवर लिहिलेलं पुस्तक अमेरिकेत अनेक पिढ्यांनी वाचलं.

या निंफांच्या पाठीवर, पोटाच्या वलयांवर, जोडीजोडीने बारीक टोकदार उंचवटे असतात. ते किती उंच, एकमेकांपासून किती लांब, पायांवर पट्टे कसे, यावरून इन्व्हेरिया आणि रोटुंडा वेगळ्या करत. जेकबस आणि मॅकॅफर्टी यांनी २००३ मध्ये या गटाची फेरतपासणी केली. नमुने वाढत गेले तशी दोन टोकांमधली दरी बुजत गेली. दोन्हींची लक्षणं सरमिसळ झालेले निंफ इतके होते, की रोटुंडा हे नाव इन्व्हेरियात विलीन करावं लागलं. डोरोथिया मात्र स्वतंत्र राहिली. एका ओढ्यातले, एका हंगामातले नमुने पाहिले की दोन जाती दिसतात आणि अनेक नद्यांचे, अनेक वर्षांचे एकत्र पाहिले की एकच दिसते. मॉर्गन यांच्या कामाला यामुळे कमीपणा येत नाही. त्यांच्यापुढे जे होतं त्याचं वर्णन त्यांनी इतक्या नेमकेपणाने केलं होतं, की नव्वद वर्षांनी त्याची तपासणी करता आली. वर्णन ढोबळ असतं तर विलीन करायलाही आधार मिळाला नसता.

इथवर वाचून असं वाटेल, की शास्त्रज्ञ पुढे पुढे जातात तशी नावं कमी कमी होतात. युरोपातल्या बेटिस ऱ्होडानीची गोष्ट नेमकी उलट दिशेने जाते.

बेटिस हा पोहणारा निंफ. चपटा नाही, निमुळता, सडपातळ, बोटाखालून सटकणारा. पक्व झाला तरी सेंटीमीटरभरही भरत नाही. शेपट्या तीन, मधली शेपटी कडेच्या दोन्हींपेक्षा आखूड. युरोपातल्या जवळजवळ कुठल्याही वाहत्या ओढ्यात बेटिस सापडतो आणि त्याच्या जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, की अनुभवी माणूसही नुसत्या नजरेने नाव सांगायला धजत नाही. त्यांत ऱ्होडानी ही त्यातल्या त्यात सोपी. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा-ज्यूल पिक्टे यांनी १८४३ मध्ये तिला ऱ्होन नदीवरून हे नाव दिलं. तिची खूण कल्ल्याच्या कडेला असते. एक कल्ला अलगद तोडून काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाची शक्ती वाढवली, की पानाच्या कडेने जाड, ताठ काट्यांची रांग दिसते. इतर जातींच्या कल्ल्यांना नुसते बारीक, मऊ केस. काटे दिसले, ऱ्होडानी लिहिलं, पुढचा नमुना घेतला, असं कैक वर्षं चाललं.

कार्डिफ विद्यापीठातल्या विल्यम्स, ऑर्मरॉड आणि ब्रुफर्ड यांनी २००६ मध्ये ऱ्होडानीच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. काटे असलेले, पुस्तकाप्रमाणे बिनचूक ऱ्होडानी असलेले निंफ वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केले आणि त्यांच्या पेशींतल्या मायटोकाँड्रियाचा एक जनुक ताडून पाहिला. एक जात असती तर फरक किरकोळ निघाले असते. निघाले ते एकमेकांपासून लांब गेलेले अनेक वंशगट. त्यांच्यातलं अंतर इतर कीटकांत दोन वेगळ्या जातींमध्ये असतं तेवढं, काही ठिकाणी त्याहून जास्त. जे एक नाव दीडशेहून अधिक वर्षं ठामपणे वापरलं गेलं, त्याखाली अनेक जाती एकत्र राहत होत्या आणि काट्यांच्या रांगेने त्यांच्यात भेद केला नव्हता.

हा केवळ नावांचा तपशील समजून सोडून देण्याजोगा नाही. नॉर्वेमध्ये आम्लपावसाने नद्या बिघडल्या, तेव्हा पाणी आम्ल झाल्याची पहिली खबर ज्या मोजक्या जीवांकडून मिळाली, त्यात बेटिस ऱ्होडानी होती. पाण्याचं आम्ल वाढलं की ती नाहीशी होते, पाणी सुधारलं की परतते. नदीला गुण देण्याच्या तिथल्या पद्धतीत तिच्या असण्या-नसण्याला मोठं वजन आहे. मग ही एक जात नसून अनेक असतील, तर त्या सगळ्या आम्लाला सारख्याच हळव्या आहेत का, हे प्रत्येकीपुरतं वेगळं तपासायला हवं. एखादी जरा जास्त सोसणारी असेल, तर ती परतली म्हणून नदी बरी झाली असं आपण चुकून मानू. निंफाच्या नावावरून माणसं पैसे खर्च करतात, कारखान्यांना नियम लावतात, नदीत चुना टाकायचा की नाही हे ठरवतात. नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

डीएनए आला म्हणून जुनी मेहनत निकालात निघाली, असं मानणं घाईचं होईल. डीएनए सांगतो, की हा जीव त्या जीवापेक्षा वेगळा आहे. पण पिक्टे यांनी ज्याला नाव दिलं तो या गटांपैकी नेमका कोणता, याचं उत्तर एकट्या डीएनएकडे नसतं. त्यासाठी जुने नमुने, जुनी चित्रं आणि निंफ व माशी यांची पक्की जोडी लागते. ही जोडी लावण्याची खात्रीची रीत जुनीच आहे आणि ती पाहण्यासारखी आहे. पंखांच्या पिशव्या काळ्या पडलेला निंफ ओढ्यातच जाळीच्या लहान पिंजऱ्यात ठेवायचा, पाणी त्याच्या अंगावरून वाहत राहील असा, आणि वर थोडी हवा. तो वर येतो, पाठीवर चीर पडते आणि मळकट पंखांची माशी बाहेर निघते. हे शेवटचं रूप नव्हे. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांतला हा एकमेव गण. म्हणून ती माशी हळुवार उचलून दमट, सावलीच्या डबीत ठेवायची आणि वाट पाहायची. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, ती पुन्हा कात टाकते आणि काचेसारख्या स्वच्छ पंखांची खरी प्रौढ माशी हाती येते. नर असेल तर जननेंद्रियांवरून नाव ठरतं. आणि पिंजऱ्यात उरलेली निंफाची कात, तिच्यावर कल्ल्यांच्या खुणा, जबडे, नख्या, काटे सगळं शाबूत असतं. माशी आणि कात एकाच कुपीत ठेवली, की निंफाला पहिल्यांदा खात्रीचं नाव मिळतं. एवढा खटाटोप, आणि पाऊल कुठे घसरलं, डबी कुठे उन्हात राहिली, तर सगळं मुसळ केरात.

आणि हे सगळं करूनही काही वेळा जातीपर्यंत पोचता येत नाही. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवराच्या पश्चिम भागात हेक्साजेनियाचे निंफ तळच्या गाळात प्रचंड संख्येने राहत. उन्हाळ्यात त्यांचे थवे काठावरच्या गावांवर उतरत. १९५३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस वारा पडला, पाणी ढवळलं गेलं नाही, तळाचा प्राणवायू संपला आणि ही संपूर्ण वस्ती कोसळली. पुढे चाळीसेक वर्षं ती जवळजवळ नाहीशीच होती. सरोवरात जाणारी घाण आटोक्यात आल्यावर १९९० च्या दशकात ती परतली आणि आता तिचे थवे हवामानखात्याच्या रडारवर दिसतात. तिथे हेक्साजेनियाच्या दोन जाती आहेत, लिंबाटा आणि रिजिडा. गाळातून चाळून काढलेले लहान निंफ या दोन जातींत खात्रीने वाटता येत नाहीत. म्हणून तिथल्या नोंदींत कित्येकदा फक्त ‘हेक्साजेनिया’ असं लिहितात आणि पुढची जागा मोकळी ठेवतात. त्या मोकळ्या जागेबद्दल आदर वाटतो. सरोवर सुधारतंय की नाही हे सांगायला प्रजातीचं नाव पुरत होतं, आणि निंफाने त्यापुढचं काही दाखवलेलं नसताना जातीचं नाव लिहिणं म्हणजे मनाचं लिहिणं झालं असतं.

हल्ली फोटोवरून नाव विचारण्याचा प्रघात पडला आहे. निंफाचा पाठीकडून काढलेला एक देखणा फोटो आणि खाली प्रश्न, ‘ही कोणती जात?’ बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर प्रजातीपाशी संपतं. पोट दिसत नाही, कल्ल्याची कडा दिसत नाही, निंफ किती वाढलेला हे कळत नाही. तरीही कुणीतरी जातीचं नाव ठोकून देतो, ते पुढच्याच्या नोंदीत जातं आणि मग पसरत राहतं. याबाबतीत ठिकाण आणि तारीख या गोष्टी निंफाच्या अंगावरच्या खुणांइतक्याच मोलाच्या आहेत. कोणत्या उंचीवरचा ओढा, तळ खडकाळ की वाळूचा, महिना कोणता, एवढ्यावर निम्मे उमेदवार गळून पडतात.

आपल्याकडच्या ओढ्यांचं काय? सह्याद्रीची रांग दक्षिणेकडे जात जात तमिळनाडूतल्या कुट्रालमच्या धबधब्यांपाशी पोचते, तिथल्या मेफ्लायचा अभ्यास मदुराईच्या के. जी. शिवरामकृष्णन यांनी मनापासून केला. विल्यम पीटर्स आणि जॉर्ज एडमंड्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९७० मध्ये पूर्व गोलार्धातल्या मेफ्लायच्या लेप्टोफ्लेबिइडी कुलाची मांडणी केली होती. शिवरामकृष्णन यांनी त्या पायावर पश्चिम घाटातल्या नव्या प्रजाती जगापुढे आणल्या. १९८४ मध्ये पीटर्सुला कोर्टालेन्सिस, १९८५ मध्ये एडमंडसुला लोटिका. पहिलीत कुट्रालमचं नाव आहे आणि दोन्हींच्या प्रजातीनामांत त्या दोन अभ्यासकांची आठवण. ही नावं मिळाली ती ओढ्यात उभं राहून, निंफ आणि माशी यांची गाठ घालून देण्याच्या चिकाटीतून.

महाराष्ट्रातही कोयना, नीरा, मुळा, प्रवरा यांच्या उगमाकडचे ओढे आहेत आणि पाऊस ओसरून पाणी नितळ झालं, की त्यांच्या दगडांखाली चपटे आणि पोहणारे दोन्ही प्रकारचे निंफ भेटतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि ट्रेकला जाणाऱ्या जिज्ञासू मंडळींनी तिथे थोडा वेळ काढावा. दगड उचलला तर पाहून झाल्यावर तो होता तसाच परत ठेवावा. फोटो काढायचा तर पाठीचा एक, पोटाचा एक आणि कडेने कल्ल्यांचा एक काढावा. महाविद्यालयाच्या संग्रहासाठी नमुना घ्यायचा असेल, तर वनखात्याची परवानगी घेऊन, पंखांच्या पिशव्या काळ्या पडलेलेच मोजके निंफ घ्यावेत आणि जमेल तर एखादा वाढवून त्याची कात माशीबरोबर ठेवावी. कुपीत ओढ्याचं नाव, गाव, उंची आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी घालायला विसरू नये. ही चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहावी. साध्या पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.